अश्मीभूत काष्ठ : प्राचीन अरण्ये आणि हवामान यांचा पुरावा
(खानदेशाच्या विशेष संदर्भात)

सारांश :
दख्खनच्या लाव्हाथरांच्या दरम्यान सापडणारी अश्मीभूत काष्ठे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उष्ण व आर्द्र अरण्यांची साक्ष देतात. काष्ठाच्या सूक्ष्म रचनेवरून तत्कालीन हवामानाचे अनुमान कसे काढले जाते, त्या अनुमानाच्या मर्यादा कोणत्या आणि खानदेशासारख्या लाव्हाप्रदेशास हे निष्कर्ष कितपत लागू होतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. जीवाश्माचे मूल्य त्याच्या रचनेइतकेच त्याच्या स्थाननोंदीवर अवलंबून असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : अश्मीभूत काष्ठ, दख्खन ट्रॅप, आंतरट्रॅप थर, काष्ठरचना, पुराहवामान, खानदेश.

१. प्रस्तावना :
जळगाव व धुळे जिल्ह्यांचा मैदानी भाग आज कोरडवाहू प्रदेश म्हणून ओळखला जातो. येथील वार्षिक पाऊस साधारणपणे ६०० ते ७५० मिलिमीटर असून तो जवळजवळ संपूर्णपणे पावसाळ्याच्या चार महिन्यांतच पडतो. सातपुड्याच्या उतारांवर साग, अंजन, सालई, धावडा यांची पानझडी वने आहेत. नाल्यांच्या काठी शिंदीची झाडे दिसतात. फाल्गुन-चैत्रात या वनांतून फिरणाऱ्यास निष्पर्ण फांद्या आणि तापलेला काळा खडक एवढेच दृष्टीस पडते. त्यामुळे ही भूमी मुळातच रुक्ष आहे आणि पूर्वीही ती अशीच असावी, असा सर्वसाधारण समज आढळतो.

ज्या काळ्या खडकावर ही वने उभी आहेत त्या खडकाचा इतिहास मात्र वेगळे काही सांगतो. हाच खडक पूर्वेस नागपूर, छिंदवाडा, मंडला या भागांत पसरलेला आहे आणि तेथे त्याच्या थरांमध्ये दगड झालेली लाकडे विपुल प्रमाणात मिळाली आहेत. त्या लाकडांचे निकटचे जिवंत नातलग आज प्रामुख्याने पश्चिम घाट, ईशान्य भारत आणि आग्नेय आशियातील ओलसर अरण्यांत आढळतात. एकाच लाव्हाप्रदेशाच्या भूतकाळात एवढे वेगळे हवामान होते असे ज्या पुराव्यावरून म्हटले जाते, तो पुरावा कसा वाचला जातो आणि तो खानदेशापर्यंत कितपत आणता येतो, हे तपासणे उद्बोधक ठरेल.

२. लाकडाचा दगड होण्याची प्रक्रिया :
वृक्ष उन्मळून पडल्यावर सामान्यतः बुरशी, जिवाणू व कीटक त्याचा नाश करतात. तो चिखलात, तळ्याच्या गाळात किंवा ज्वालामुखीच्या राखेत त्वरेने गाडला गेल्यास मात्र प्राणवायूचा संपर्क तुटतो आणि कुजण्याची क्रिया मंदावते. अशा वेळी भूजलात विरघळलेली सिलिका लाकडात झिरपते, पेशीभित्तिकांवर साचू लागते आणि कालांतराने पेशींच्या पोकळ्याही भरून टाकते. प्रथम साचलेली सिलिका बहुधा ओपलच्या स्वरूपात असते. पुढे तिचे रूपांतर कॅल्सेडोनी किंवा क्वार्ट्झमध्ये होते. लाकूड जाऊन त्या जागी दगडाचा ठोकळा येतो, अशी ही साधी अदलाबदल नसते. पेशींची मांडणी कायम राहते. म्हणूनच कोट्यवधी वर्षांनंतरही सूक्ष्मदर्शकाखाली वाहिन्या, तंतू आणि किरण स्पष्ट दिसतात.

या प्रक्रियेस लक्षावधी वर्षे लागतातच असे नाही. जपानमधील तातेयामा येथील सिलिकायुक्त उष्ण झऱ्यात ठेवलेल्या लाकडात अवघ्या सात वर्षांत लक्षणीय प्रमाणात सिलिका भरल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. ज्वालामुखी प्रदेशात सिलिकेचा पुरवठा मुबलक असतो. लाव्हा आणि राख यांच्या विदारणातून ती पाण्यात मिसळते. दख्खनच्या लाव्हाप्रदेशात काष्ठे, फळे, बिया आणि नाजूक फुलेसुद्धा टिकून राहिली, त्यामागील हे एक महत्त्वाचे कारण होय.

३. लाव्हा आणि दोन लाव्हांमधील काळ :
दख्खन ट्रॅप हा लाव्हाप्रदेश आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. त्याच्या मुख्य उद्रेकाचा काळ किरणोत्सारी कालमापनानुसार सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे क्रिटेशस व पॅलिओसीन या कालखंडांच्या सीमेवरील आहे. या उद्रेकातून लाव्हा एकाच वेळी बाहेर पडला नाही. एक लाव्हाप्रवाह थंड झाल्यानंतर पुढील प्रवाह येईपर्यंत मध्ये काही काळ जाई. या विरामकाळात खडकाची झीज होऊन माती तयार होई, खोलगट भागांत तळी साचत, त्यांच्या काठी झाडे वाढत. पुढचा लाव्हा आला की तो गाळ, ती तळी आणि ती झाडे त्याखाली गाडली जात. दोन लाव्हाथरांमध्ये सापडणाऱ्या या गाळाच्या थरांना आंतरट्रॅप थर असे म्हणतात. अश्मीभूत काष्ठांचा पुरावा मुख्यतः याच थरांतून येतो.

अशा थरांची सर्वांत प्रसिद्ध स्थळे लाव्हाप्रदेशाच्या पूर्व कडेला आहेत : छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान, नागपूरजवळील माहुरझरी, वर्धा जिल्ह्यातील नवरगाव आणि मंडला-दिंडोरी परिसर. कडेला लाव्हाथरांची जाडी कमी होते आणि त्यांच्या दरम्यानचा गाळ उघडा पडतो. पश्चिमेकडे लाव्ह्याची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास पोहोचते. तेथेही आंतरट्रॅप थर नाहीत असे नव्हे. मुंबईतील वरळी परिसरातील थरांतून बेडकांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच उजेडात आले होते.

४. अभ्यासाची परंपरा :
या थरांकडे प्रथम लक्ष वेधणाऱ्यांमध्ये जे. जी. माल्कमसन यांचा उल्लेख करावा लागतो. १८३७ च्या सुमारास त्यांनी दख्खनच्या पूर्व भागातील जीवाश्मांचे वर्णन केले. त्यानंतर नागपूर येथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी १८५५ मध्ये नागपूर परिसराचे भूविज्ञान व जीवाश्म यांवर लेखन केले. हे दोघेही व्यवसायाने भूवैज्ञानिक नव्हते, ही बाब लक्षणीय आहे.

विसाव्या शतकात या अभ्यासाला शास्त्रीय अधिष्ठान दिले ते प्रा. बिरबल साहनी (१८९१–१९४९) यांनी. त्यांनी १९४६ साली लखनौ येथे पुरावनस्पतिविज्ञानाची संस्था स्थापन केली. ती आज बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. १९३७ साली साहनी आणि के. पी. रोडे यांनी मोहगाव कलान येथील वनस्पतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दख्खनचा लाव्हा क्रिटेशस काळातील की त्यानंतरच्या तृतीयक काळातील, हा प्रश्न साहनी यांनी १९३४ साली ‘करंट सायन्स’मध्ये उपस्थित केला होता आणि वनस्पतींच्या आधारे तृतीयक काळाची बाजू मांडली होती. पुढे कालमापनाने उद्रेकाचा काळ दोन्ही कालखंडांच्या सीमेवर आणून ठेवला. केवळ वनस्पतींच्या साम्यावरून वय ठरविण्यात कोणती मर्यादा असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

५. काष्ठरचनेतील हवामानाची लिपी :
अश्मीभूत काष्ठाच्या अभ्यासासाठी हिरकणीच्या करवतीने त्याचे तीन दिशांनी काप घेतले जातात : अनुप्रस्थ म्हणजे आडवा, अरीय उभा आणि स्पर्शरेषीय उभा. हे काप काचपट्टीवर चिकटवून, कार्बोरंडमच्या भुकटीने घासून साधारणपणे ३० ते ५० मायक्रोमीटर इतके पातळ केले जातात. प्रकाश आरपार जाऊ लागला की दगडातील लाकूड दिसू लागते. त्यातील पुढील बाबी हवामानाच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात.

(अ) वाढीची वलये : ज्या प्रदेशात वर्षाचा काही भाग अतिशय कोरडा किंवा अतिशय थंड असतो, तेथील अनेक वृक्षांची वाढ त्या काळात थांबते आणि लाकडात स्पष्ट वलये उमटतात. सागाचे उदाहरण खानदेशातील प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. साग हा वलय-सच्छिद्र वृक्ष आहे. पावसाळ्याच्या आरंभी तयार होणाऱ्या त्याच्या वाहिन्या रुंद, तर नंतरच्या अरुंद असतात. म्हणूनच रंधलेल्या सागवानी फळीवर रेषा उठून दिसतात. ज्या अरण्यात वर्षभर ओलावा असतो तेथील बहुसंख्य वृक्षांत वाहिन्या सर्वत्र विखुरलेल्या असतात आणि वलये अस्पष्ट असतात किंवा मुळीच नसतात.

(आ) वाहिन्यांचा आकार व संख्या : रुंद वाहिनीतून पाणी वेगाने चढते, मात्र कोरड्या काळात तिच्यात हवेचा बुडबुडा शिरून ती निकामी होण्याचा धोका अधिक असतो. म्हणून कोरड्या प्रदेशातील वृक्षांत बहुधा अरुंद आणि संख्येने पुष्कळ वाहिन्या आढळतात. एक बंद पडली तरी इतर काम करतात. शेर्विन कार्लक्विस्ट यांनी १९७७ साली याचे एक सोपे गुणोत्तर सुचविले : वाहिनीचा सरासरी व्यास भागिले एका चौरस मिलिमीटरमधील वाहिन्यांची संख्या. हा आकडा एकापेक्षा कमी असल्यास वृक्ष कोरडेपणाशी जुळवून घेणारा असावा. तो जितका मोठा तितकी ओलाव्याची उपलब्धता अधिक, असे स्थूलमानाने समजले जाते.

(इ) निकटतम जिवंत नातलग : काष्ठाची रचना आजच्या ज्या प्रजातीशी सर्वाधिक जुळते, त्या प्रजातीच्या आजच्या अधिवासावरून प्राचीन अधिवासाचे अनुमान केले जाते. माहुरझरी येथील काष्ठांपैकी एक बिब्ब्याशी, तर दुसरे धामणीच्या गटाशी साम्य दाखविते, असे यू. प्रकाश व दयाल यांनी १९६० च्या दशकात नोंदविले. मंडला परिसरातील काष्ठांचा याच पद्धतीने विस्तृत अभ्यास झाला.

(ई) ताडवर्गीय काष्ठे : ताड, नारळ, शिंदी यांच्या खोडात वलये नसतात, वाहकवृंद आडव्या छेदात ठिपक्यांसारखे विखुरलेले दिसतात. त्यामुळे ही काष्ठे भिंगाखालीही ओळखू येतात. आंतरट्रॅप थरांत ती मोठ्या प्रमाणात सापडली असून ‘पामॉक्सिलॉन’ या नावाखाली त्यांच्या अनेक जाती वर्णिल्या गेल्या आहेत. ताडवर्गीय वृक्षांना कडाक्याचे गोठण सोसत नाही. त्यामुळे हिवाळा सौम्य होता, एवढे त्यांवरून खात्रीने म्हणता येते.

६. अरण्याचे चित्र आणि त्याची कारणमीमांसा :
वरील सर्व बाबी एकत्र घेतल्यावर मध्य भारतात त्या काळी उष्ण, दमट आणि बऱ्याच अंशी सदाहरित अरण्ये होती, असे चित्र उभे राहते. एम. बी. बांडे आणि यू. प्रकाश यांनी १९८२ साली हे चित्र सविस्तर मांडले. मोहगाव कलान येथे निपा या खाजणात वाढणाऱ्या ताडवर्गीय वनस्पतीची फळे मिळाली असल्याने त्या भागाच्या जवळपास खारे किंवा मचूळ पाणी असावे, असाही तर्क केला जातो.

आज जेथे पानझडी वने आहेत तेथे तेव्हा सदाहरित अरण्ये कशी होती, या प्रश्नाचे उत्तर भूगोलात शोधले जाते. त्या काळी भारतीय भूखंड आशियास जोडला गेलेला नव्हता. दख्खनचा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेस, आजच्या रीयुनियन बेटाच्या अक्षांशांच्या आसपास होता. हिमालय अस्तित्वात नव्हता. त्यामुळे आजच्या स्वरूपाचा मोसमी पाऊसही नव्हता. पश्चिम घाटाचा आजचा कडाही निर्माण व्हावयाचा होता. म्हणजेच आज खानदेश आणि विदर्भाच्या वाट्याला येणारी पर्जन्यछाया तेव्हा नव्हती. पृथ्वीचे सरासरी तापमानही आजच्यापेक्षा बरेच अधिक होते. पुढे भूखंड उत्तरेकडे सरकला, घाटाचा कडा उभा राहिला, हिमालय उंचावला, आणि वर्षाची विभागणी ओल्या व कोरड्या ऋतूंत झाली. सदाहरित वृक्षांची वस्ती आक्रसत जाऊन मुख्यतः पश्चिम घाट आणि ईशान्य भारतापुरती उरली. खानदेशाची आजची रुक्षता ही या दीर्घ घडामोडीची परिणती होय.

या चित्राला इतर पुराव्यांचीही जोड मिळते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचे २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उद्रेककाळाच्या सुमारास गवतांचे अनेक गट येथे रुजलेले होते, हे त्यावरून समजले. केवळ काष्ठांवर विसंबल्यास अरण्यातील वृक्ष दिसतात, त्यांच्या पायाशी वाढणारे गवत दिसत नाही. पुराव्याचे प्रकार जितके अधिक, तितके चित्र पूर्ण होते.

७. पुराव्याच्या मर्यादा :
अश्मीभूत काष्ठ हा प्रभावी पुरावा असला तरी तो सावधपणे वापरावा लागतो. येथे चार मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा नातलगांच्या सवयींसंबंधी आहे. एखाद्या प्रजातीचे पूर्वज आजच्या वंशजांसारख्याच हवामानात राहत होते, हे गृहीतक आहे. शिंदी आज खानदेशाच्या कोरड्या नाल्यांत वाढते. त्यामुळे ताडवर्गीय खोडाचा एक तुकडा सापडला म्हणून तेथे घनदाट वर्षावन होते, असे म्हणता येणार नाही.

दुसरी मर्यादा ओळखीसंबंधी आहे. जुन्या काळी वर्णन केलेल्या अनेक काष्ठांची तुलना मोजक्या आधुनिक नमुन्यांशीच झाली होती. २००४ पासून नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाने उपलब्ध केलेल्या ‘इनसाइडवुड’ या माहितीसंचामुळे जगभरातील काष्ठरचनांशी तुलना शक्य झाली. एलिझाबेथ व्हीलर, रश्मी श्रीवास्तव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली भारतातील या काळातील काष्ठांचा व्यापक फेरआढावा घेतला. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच ही काष्ठे आश्चर्य वाटावे इतकी आधुनिक असल्याचे म्हटले आहे. लखनौ येथे जतन केलेले मूळ काप उपलब्ध असल्यामुळेच अशी फेरतपासणी होऊ शकते.

तिसरी मर्यादा वहनासंबंधी आहे. ओंडका पुरात वाहून दूर जाऊ शकतो. मुळांसह उभे असलेले खोड आणि नदीच्या गाळातील आडवा ओंडका यांचे साक्षमूल्य सारखे नसते.

चौथी मर्यादा संख्येसंबंधी आहे. वलये असणे वा नसणे हे काही अंशी वृक्षाच्या जातीवरही अवलंबून असते; एकाच वनात वलये असलेले आणि नसलेले वृक्ष शेजारी वाढतात. म्हणून एका काष्ठावरून हवामान ठरत नाही. एकाच थरातील अनेक काष्ठांची सरासरी प्रवृत्ती पाहावी लागते. आणि ‘एकाच थरातील’ असे म्हणता येण्यासाठी प्रत्येक काष्ठ कोणत्या थरातून आले हे माहीत असावे लागते.

८. खानदेशाचे स्थान :
भूरचनेच्या दृष्टीने खानदेशात दोन मुख्य घटक दिसतात : दख्खनचा लाव्हा आणि तापी खोऱ्यातील गाळाची मैदाने. कन्नड घाटासारख्या रस्त्यांच्या कापांत लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेले दिसतात. दख्खनमध्ये अशा लाव्हाथरांदरम्यान अनेक ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. तो उद्रेकांमधील विरामाची आणि त्या काळातील विदारणाची खूण असतो. धुळे व नंदुरबार परिसरात लाव्ह्याच्या उभ्या भित्ती फार मोठ्या संख्येने आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा दोनशेहून अधिक भित्तींचे मापन करण्यात आले. माळरानावर तटासारख्या सरळ धावणाऱ्या टेकड्या म्हणून त्या सहज ओळखता येतात. उद्रेकाच्या काळात हा प्रदेश प्रत्यक्ष हालचालींच्या क्षेत्रात होता, असे यावरून दिसते.

तेव्हा नागपूर-मंडल्याच्या काष्ठांवरून काढलेले निष्कर्ष खानदेशास लागू करताना तारतम्य हवे. अक्षांश जवळपास तेच, काळ तोच, पर्जन्यछायेचा अभावही तोच. त्यामुळे खानदेशातही विरामकाळात उष्ण व दमट हवामान असावे, हे अनुमान सयुक्तिक आहे. परंतु ते अनुमान आहे. तीनशे-चारशे किलोमीटर पूर्वेकडील तळ्याकाठचे अरण्य आणि वारंवार लाव्ह्याखाली जाणारी खानदेशाची भूमी यांत फरक असणे शक्य आहे. अनुमानाचे पुराव्यात रूपांतर होण्यासाठी खानदेशाच्याच थरांतील साक्ष आवश्यक आहे.

हवामानाच्या बाबतीत खानदेशाची स्वतःची साक्ष किती मोलाची ठरू शकते, हे चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील उत्खननाने दाखवून दिले आहे. एस. ए. साळी यांनी १९७० च्या दशकात तेथे उत्तर पुराश्मयुगीन अवशेषांचे उत्खनन केले. त्यात शहामृगाच्या अंड्याची कवचे आणि त्यांवर कोरलेली नक्षी मिळाली. किरणोत्सारी कार्बन पद्धतीने त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा ठरला. शहामृग हा मोकळ्या, कोरड्या गवताळ प्रदेशातील पक्षी आहे. म्हणजे हिमयुगाच्या त्या टप्प्यात हा परिसर कोरडा व उघडा असावा. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या दमट अरण्यांचे अनुमान आणि २५,००० वर्षांपूर्वीचे शहामृगांचे माळ यांच्या मध्ये खानदेशाच्या हवामानाचा प्रदीर्घ इतिहास दडलेला आहे. पाटण्याच्या कवचांना हे मूल्य प्राप्त झाले ते थरनिहाय उत्खननामुळे. तीच कवचे शेतात सुटी सापडली असती आणि कोणी घरी नेऊन ठेवली असती, तर त्यांवरून हवामानाविषयी फारसे काही सांगता आले नसते.

९. ओळख आणि नोंद :
विहिरींचे खोदकाम, खडीच्या खाणी आणि रस्त्यांचे रुंदीकरण यांमुळे लाव्ह्याचे आतील थर आज पूर्वी कधी नव्हते इतक्या प्रमाणात उघडे पडत आहेत. पुराव्यासाठी ही संधी आहे आणि धोकाही; कारण यंत्राने फोडलेला थर पुन्हा पाहता येत नाही. म्हणून प्रथम ओळख पटणे महत्त्वाचे ठरते. खानदेशात काष्ठाचा भास निर्माण करणारे अनेक दगड आढळू शकतात. अकीकातील पट्टे वलयांसारखे दिसतात, पण ते पोकळीच्या कडेला समांतर असतात आणि त्यांत छिद्रे नसतात. तापीच्या गाळातील मुळांभोवती साचलेला चुनखडीचा कंकर फांदीसारखा दिसतो. त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यास फेस येतो. सिलिकायुक्त काष्ठावर तसा येत नाही. खांबासारखा तुटलेला बेसॉल्ट ओंडक्यासारखा भासतो. मात्र त्याच्या तुटीवर केवळ खनिजांचे कण दिसतात. खऱ्या काष्ठाच्या आडव्या पृष्ठभागावर दहापट मोठे दाखविणाऱ्या साध्या भिंगाखाली सूक्ष्म छिद्रे आणि केंद्राकडून बाहेर जाणारे किरण दिसतात. ताडवर्गीय असल्यास विखुरलेले ठिपके दिसतात.

ओळख पटल्यानंतर नमुना हलविण्यापूर्वी नोंद करणे आवश्यक असते. गाव व गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, जमिनीपासूनची खोली, वरच्या व खालच्या लाव्हाथराचे वर्णन, मधल्या गाळाचा रंग व जाडी, काष्ठ उभे होते की आडवे, त्याची दिशा, तसेच मोजपट्टी ठेवून घेतलेली छायाचित्रे एवढी माहिती असल्यास तो दगड संशोधनाचे साधन बनतो. ती नसल्यास तो काचेच्या कपाटातील शोभेची वस्तू ठरतो.

खानदेशातील अभ्यासकांना ही शिस्त नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावी फिरून जुनी दप्तरे मिळविली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली; धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ त्यांच्या स्मरणार्थ उभे आहे. कागद कोणाच्या घरी, कोणत्या दप्तरात सापडला हे कळल्याशिवाय त्याची विश्वसनीयता ठरत नाही. भूमीच्या दप्तरालाही हाच नियम लागू होतो.

अशा नोंदी करण्यासाठी व्यवसायाने पुरावनस्पतिवैज्ञानिक असण्याची गरज नाही. दिंडोरी जिल्ह्यातील घुघुआ येथील जीवाश्मांकडे १९७० च्या दशकात लक्ष वेधले ते डॉ. धर्मेंद्र प्रसाद यांनी. ते मंडला जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी होते आणि जिल्हा पुरातत्त्व शाखेचे मानद सचिव म्हणून काम पाहत. १९८३ साली घुघुआ हे जीवाश्म राष्ट्रीय उद्यान झाले. तेथील निलगिरीसदृश काष्ठाला दिलेल्या जातिनामात त्यांचे नाव आढळते. राजस्थानातील आकल आणि तमिळनाडूतील तिरुवक्करई येथील काष्ठजीवाश्म राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारके म्हणून जतन केले गेले आहेत. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. भूवारसा स्थळांच्या संरक्षणासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ साली विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. कायदा मात्र ज्ञात स्थळांचेच रक्षण करू शकतो. स्थळ ज्ञात होण्यासाठी प्रथम कोणीतरी त्याची नोंद केलेली असावी लागते.

या दृष्टीने महाविद्यालयांची भूमिका महत्त्वाची आहे. भूगोल, भूविज्ञान व वनस्पतिशास्त्र हे विभाग बहुधा स्वतंत्रपणे सहली काढतात. एकाच स्थळाची संयुक्त पाहणी केल्यास थर आणि काष्ठ यांची नोंद एकत्र होऊ शकते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून विद्यार्थी ज्या गावांत जातात, तेथील विहिरींच्या मुरुमाचे ढीग पाहणे हे प्राथमिक सर्वेक्षणच होय. साग, अंजन, बिबा, धामण, शिंदी अशा स्थानिक वृक्षांच्या लाकडांचे तिन्ही दिशांचे काप करून ठेवल्यास वनस्पतिशास्त्र विभागाकडे तुलनेसाठी कायमचा संच तयार होईल. असा संच अल्प खर्चात सिद्ध होतो आणि पदवी स्तरावरील प्रात्यक्षिकांतही उपयोगी पडतो. नमुना मिळाल्यास त्याचा एक भाग नोंदक्रमांकासह महाविद्यालयात ठेवून दुसरा भाग तज्ज्ञ संस्थेकडे तपासणीसाठी पाठविणे श्रेयस्कर ठरेल.

१०. निष्कर्ष :
१. दख्खनच्या आंतरट्रॅप थरांतील अश्मीभूत काष्ठे मध्य भारतातील प्राचीन उष्ण व दमट अरण्यांचा सबळ पुरावा आहेत. वलयांचे स्वरूप, वाहिन्यांची मापे आणि जिवंत नातलग या तिन्ही अंगांनी त्याची तपासणी करता येते.
२. आजची पानझडी वने व पर्जन्यछाया ही भूखंडाचे सरकणे, घाटाचा कडा आणि मोसमी पाऊस यांच्या निर्मितीनंतरची अवस्था आहे. ती या भूमीची मूळ अवस्था नव्हे.
३. पूर्वेकडील काष्ठांवरून खानदेशाविषयी केले जाणारे विधान सयुक्तिक अनुमान आहे. ते पुराव्याच्या पातळीवर नेण्यासाठी स्थानिक थरांची पाहणी अनिवार्य आहे.
४. काष्ठाची रचना त्या वृक्षाच्या हवामानाविषयी सांगते, तर थर त्याच्या काळाविषयी सांगतो. थराची नोंद हरवल्यास उत्तम जतन झालेल्या काष्ठाचीही साक्ष अपुरी राहते.

खाणीत किंवा विहिरीत थर उघडा पडतो तो काही दिवसांपुरताच. त्या काळात तेथे भिंग, मोजपट्टी आणि नोंदवही घेऊन कोणी पोहोचते की नाही, यावर खानदेशाच्या प्राचीन अरण्यांविषयीचे आपले ज्ञान अवलंबून राहणार आहे.